श्रुती नावाची फाइल

३ नोव्हेंबर, सोमवार

ती मराठी बोलते!

म्हणजे ही वही आता ऑफिसात नेता येणार नाही. तेवीस वर्षं टेबलाच्या खणात बिनकुलुपाची पडून असायची. कोणाला अक्षरं लागली तरी मजकूर लागत नसे. कन्नड बोलणाऱ्या या ऑफिसात मराठीवाले आम्ही दोघंच — हयवदन अण्णा आणि मी. अण्णा निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी एकटी. आता ही.

नाव आश्लेषा. पुण्याची, सव्वीस वर्षांची. ऋतुराजनं सगळ्यांसमोर ओळख करून दिली. ऋतुराज म्हणजे आमचा मॅनेजर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाला, "जुनं सॉफ्टवेअर यापुढे आश्लेषा बघेल. अक्का, तुम्ही तिला स्वल्प मदत करा." स्वल्प!

जुनं सॉफ्टवेअर! कान तपासायच्या यंत्राला केवढा आवाज, कुठल्या सुरात, किती वेळ सोडायचा हे सांगणारं सॉफ्टवेअर. अण्णांनी लिहिलं, मी वाढवलं. कारवारपासून कोलारपर्यंत शंभरावर दवाखान्यांत मी स्वतः जाऊन बसवलं. त्याला आता 'जुनं' म्हणायचं आणि पुण्याहून आलेल्या पोरीच्या हवाली करायचं.

दुपारी डबा घेऊन माझ्याच शेजारी बसली. मी दोन वाक्यं बोलले तर डोळे मोठे करून म्हणते, "काकू, तुमचं मराठी किती वेगळं आहे! गोड वाटतं ऐकायला."

काकू!! आणि गोड! आमचं घराणं साडेतीनशे वर्षं या गावात आहे. हिला इथे येऊन तीन आठवडे झाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सॉफ्टवेअरची कागदपत्रं वाचायला तिला आठवडा लागेल असं धरलं होतं. दुपारी चारला येऊन प्रश्न विचारायला लागली. प्रश्न चांगले होते. तेच जास्त लागलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल हेब्बाळच्या दवाखान्यातून भव्याचा फोन आला. भव्या तिथे कान तपासते, माझी दहा वर्षांची ओळख. जुन्या विंडोजची मुदत गेल्या महिन्यात संपली म्हणून त्यांनी सगळे कॉम्प्युटर बदलले, आणि नव्यावर आमचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. 'क्लास नॉट रजिस्टर्ड.' फोन माझ्या मोबाइलवर आला, पण ऋतुराज म्हणाला, "आश्लेषा जाईल." मी फोन तिच्या हातात दिला. हसून दिला.

आज सकाळी इडली खाता खाता रघुनंदननं विचारलं, म्हणजे नेमकं काय झालंय? नवऱ्यानं माझ्या कामाबद्दल विचारायची वेळ वर्षातून एकदा येते, म्हणून नीट सांगितलं. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायची फाइल. आवाज सोडायचं काम अण्णांच्या लायब्ररीकडे, तिचं नाव 'नाद'. ती कॉम्प्युटरवर नुसती आणून ठेवली तर भागत नाही. विंडोजच्या नोंदीत तिचं नाव-गाव घालावं लागतं. नोंद नसली की प्रोग्राम तिला हाक मारतो आणि कोणी ओ देत नाही.

"मग नोंद करायची," तो म्हणाला.

"एका ओळीची आज्ञा आहे," मी म्हटलं.

"मग एवढं काय?"

बँकेतल्या माणसाला काय सांगणार.

संध्याकाळी आश्लेषाचा ग्रुपवर मेसेज. पहिली अडचण तिनं पाच मिनिटांत सोडवली — दवाखान्याच्या मशीनवर तिला अधिकारच नव्हते, अॅडमिनिस्ट्रेटर होऊन आज्ञा दिली. पण मग दुसरी चूक समोर आली: नाद लोड झाली, नोंदणी फसली. कारण — 'मॉड्यूल सापडलं नाही'. मॉड्यूल म्हणजे फाइलच.

ते वाचलं आणि मला एकदम बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मला ठाऊक आहे काय झालंय. इथे लिहायला हरकत नाही.

सगळे समजतात, नाद सापडत नाही. नाद तिथेच आहे. सापडत नाही ती श्रुती. श्रुती ही अण्णांची अगदी सुरुवातीची एक छोटीशी फाइल, कुठल्यातरी जुन्या यंत्रासाठी लिहिलेली. नाद स्वतःची नोंद करताना तिला शोधते आणि ती नसली तर काही न बोलता परत फिरते. कुठल्या यादीत श्रुतीचं नाव नाही, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या सेटअपमध्ये ती नाही. विंडोज नुसतं म्हणतं, मॉड्यूल सापडलं नाही. कुठलं, ते सांगत नाही.

हे मी शोधलं. २०११, हुबळी. दोन दिवस एका डॉक्टरांच्या माळ्यावर बसून, अण्णांच्या कोडची ओळ न् ओळ वाचून! अण्णांना फोन केला तर म्हणाले, "अरे देवा, ती अजून आहे का तिथे! बरं केलंस. सेटअपमध्ये टाकून दे."

टाकली नाही. आधी राहून गेलं. मग मी जिथे जिथे जायची तिथे पेन ड्राइव्हवरून श्रुती ठेवून यायची. आमच्या ऑफिसातल्या मशीनवरही मीच ठेवली, त्यामुळे तिथे सगळं नेहमी चालतं. दुसरं कोणी बाहेर गेलं की अडायचं, आणि मग फोन यायचा — "अक्का, तुम्हीच या." मी जायची. दोन मिनिटं. सगळे बघत राहायचे.

चौदा वर्षं मी ती सेटअपमध्ये का टाकली नाही? टाकली असती तर मला बोलावलं कोणी असतं?

बोलावू देत तिला. बघू.

८ नोव्हेंबर, शनिवार

फोन दोनदा बघितला. कोणाचाच नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिनं सगळं केलं. फाइल दुसऱ्या जागी ठेवून बघितली. जुनी नोंद काढून पुन्हा केली. व्हायरसवाल्या प्रोग्रामनं अडवली असेल म्हणून तो बंद करायला लावला. ऑफिसात अगदी तसलंच नवीन मशीन मांडलं — चालू झालं! चालणारच, त्यावरची तयारी माझ्या जुन्या मशीनवरूनच उचललेली. शोध घेणारी तिची हत्यारं दवाखान्याच्या मशीनवर टाकायला त्यांचे कॉम्प्युटरवाले परवानगी देत नाहीत. लेखी अर्ज, मग पंधरा दिवस.

दुपारी माझ्या टेबलाशी आली. डोळ्यांखाली काळं झालंय. "मॅम, तुम्हाला असं कधी आलं होतं का? काही आठवतंय?" काकू सोडून दिलंय, कोणीतरी सांगितलं असेल.

मी म्हटलं, "नवीन विंडोजमधलं मला काय कळणार गं."

तिनं मान हलवली. विश्वास ठेवला तिनं!

मग ऋतुराज म्हणाला, "हयवदन सर जयनगरलाच राहतात ना? आश्लेषा, तू त्यांना भेट. नादचे बाप आहेत ते."

मला विचारलंसुद्धा नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भेटून आली. सकाळी आल्या आल्या माझ्याकडेच आली, चेहरा नुसता फुललेला. "मॅम, काय माणूस आहे!"

अण्णांनी तिला गॅलरीत बसवलं. स्वतः उठून कॉफी केली. त्यांची बायको, अनुसूयाक्का, मी करते म्हणत होत्या, त्यांनाही करू दिली नाही. मग हिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाद तुझ्या हातात आहे, मला काळजी नाही."

एका भेटीत!

एकोणीस वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसले. 'बरं केलंस' यापलीकडे एक शब्द नाही. हुबळीनंतर 'बरं केलंस'. माझी आई गेली त्या महिन्यात मी मंगळूरचं काम एकटीनं पुरं केलं, तेव्हाही 'बरं केलंस'. डोक्यावर हात! मी त्यांच्या हातची कॉफी कधी प्यायले नाही.

"आणि कामाचं?" मी विचारलं.

"ते अजून नाही निघालं. गोष्टी सांगत बसतात. उद्या परत बोलावलंय."

उद्या परत बोलावलंय. मी गेल्या वर्षी दसऱ्याला फोन केला होता त्यांना. "कोण?" म्हणाले. नाव सांगितलं. "बरं बरं," म्हणाले, आणि ठेवून दिला. तेव्हा ठरवलं, आता आपण करायचा नाही. नंतर त्यांचाही आला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा गेली. पुन्हा आली. या वेळी त्यांनी तिला मुलीसारखी म्हटलं.

"मुलगी नाही ना त्यांना?" ती विचारते मला! मला!

मी म्हटलं, "नाही," आणि स्क्रीनकडे बघत राहिले. एका ओळीवर अर्धा तास. ती काहीतरी बोलणार होती, थांबली, मग गेली.

घरी येऊन भांडी इतकी आपटली की रघुनंदन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "तुझ्या अण्णांनी दुसरी विद्यार्थिनी धरली म्हणून एवढं?" हसत म्हणाला. मी आणखी एक पातेलं आपटलं, तेव्हा हसणं बंद केलं.

होय, एवढंच. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, आणि एवढंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भव्यानं ऋतुराजला फोन करून सांगितलं, राजलक्ष्मी अक्कांना पाठवा. शेवटी मला बोलावलं! पण आश्लेषाही बरोबर. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसापासून हेब्बाळ, सव्वादोन तास एका गाडीत. उड्डाणपुलावर अडकलो तेव्हा ती झोपली. तोंड थोडं उघडं. झोपेत लहान दिसते.

पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. ठरवून आले होते — ती बाजूला झाली की बसायचं, दोन मिनिटं, सगळे बघत राहतील. पुन्हा एकदा तसं व्हायला हवं होतं मला.

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर दहा महिन्यांचं मूल. चिक्कबळ्ळापूरची, नाव वसुमती. इतक्या लहान मुलाचे कान झोपेत तपासतात — डोक्याला तारा लावायच्या, कानात आवाज सोडायचा, मेंदू ओ देतो का बघायचं. जागं मूल तारा लावू देत नाही. म्हणून आईला सांगतात, पहाटेपासून झोपू देऊ नका, इथे आल्यावरच झोपवा. वसुमती पहाटे चारपासून मुलाला जागं ठेवून बस बदलत आली होती. रडवून, पाणी लावून, खिडकीबाहेर दाखवून. आता ते मेल्यासारखं झोपलं होतं. आणि मशीन बंद.

गेल्या गुरुवारीही अशीच आली होती म्हणे. अशीच परत गेली.

"आज होतं ना, अक्का?" तिनं कन्नडमध्ये मला विचारलं. माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र बघून विचारलं असेल. मग मूल हललं, जागं झालं. तिनं त्याच्या मागे हात नेऊन टाळी वाजवली. मोठ्यानं. मला दाखवायला. ते समोरच्या भिंतीवरच्या रंगीत हत्तीकडे बघत राहिलं.

आत आश्लेषा मशीनसमोर बसली होती. भव्या उभी. कॉम्प्युटर बघणारा माणूस उभा. मी पर्स उघडली. पेन ड्राइव्ह बोटांना लागला. आणि एकदम लक्षात आलं — मी आता हा लावला आणि दोन मिनिटांत चाललं, तर आश्लेषा विचारेल: तुम्हाला कधीपासून माहीत होतं? सोमवारी मी विचारलं तेव्हा?

पर्स बंद केली.

भव्याला म्हटलं, "उद्या बघते." वसुमतीसमोरून आले तेव्हा मान खाली होती माझी. परत येताना मला आश्लेषाबरोबर बसवेना. काम आहे म्हणून मेट्रोनं आले. तीही म्हणाली, मी जयनगरला उतरते, सरांना आणखी एकदा विचारते.

मी काय केलं आज? हे इथेच लिहू शकते. मूल समोर होतं, किल्ली हातात होती, आणि मी पर्स बंद केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सहाला उठून ठरवलं, ऋतुराजला सगळं सांगायचं आणि सरळ हेब्बाळला जायचं. रांगोळी न घालताच निघाले. सिल्क बोर्डला सिग्नलवर होते तेव्हा ग्रुपवर आश्लेषाचा मेसेज आला. हेब्बाळहून. ती पहाटेच पोचली होती.

"चालू झालं. एक फाइल कमी होती. नाव श्रुती. ऑफिसच्या मशीनवर सापडली. वसुमतीला बोलावून घेतलंय."

खाली सगळ्यांचे अंगठे, टाळ्या, फुलं. ऋतुराजनं लिहिलं, 'ब्रिलियंट.'

मग फक्त मला एक वेगळा मेसेज: "उद्या भेटाल का? ऑफिसात नको."

१५ नोव्हेंबर, शनिवार

जयनगरला चौथ्या ब्लॉकाजवळच्या दर्शिनीत भेटलो, तिथे उभ्यानंच खायचं. रस्त्यावर एक तारखेच्या कन्नड राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका अजून होत्या. दोन कॉफ्या घेऊन उंच टेबलाशी समोरासमोर. मी काल रात्री काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. एक वाक्य आठवेना.

"तुम्हाला श्रुतीचं माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

"हो."

"मी सोमवारी विचारलं तेव्हाही."

"हो. हुबळीला मीच शोधली होती. चौदा वर्षांपूर्वी."

ती कॉफीकडे बघत होती. "मला फार राग आला होता, मॅम. परवा रात्रभर. ते बाळ बघून तुम्ही परत आलात, त्याचा जास्त."

शेजारी कोणीतरी चटणी मागत होतं.

"पण मला वेगळंच सांगायचंय," ती म्हणाली. "मी अनुसूयाकाकूंना वचन दिलं होतं, कोणाला सांगणार नाही म्हणून. काल त्यांना फोन करून विचारलं. म्हणाल्या, राजलक्ष्मीला सांग."

मला वाटलं, अण्णा आजारी आहेत. कॅन्सर. काहीतरी.

"सरांना श्रुती कशी आठवली माहितीये? गुरुवारी मी त्या चुकीसोबत स्क्रीनवर येणारा लांब नंबर वाचून दाखवला. ते एकदम चिडले. म्हणाले — अगं, परत विसरलीस? हुबळीला दोन दिवस बसून तूच नाही का शोधलीस! मी तेव्हाच म्हटलं होतं, सेटअपमध्ये टाक."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. "तूच म्हणजे?"

"ते मला राजलक्ष्मी म्हणतात. पहिल्या दिवसापासून. मी दोनदा नाव सांगितलं, तिसऱ्यांदा काकूंनी खुणेनं गप्प केलं. दीड वर्षं झालं असं. कोडची ओळ न् ओळ आठवते. काल कोण आलं होतं ते आठवत नाही. तुम्ही त्यांच्या डोक्यात अजून सव्वीसच्या आहात, की तिशीच्या. मराठी बोलणारी मुलगी, नादवर काम करणारी. मी दारात उभी राहिले आणि त्यांनी हात धरून आत घेतलं — ये राजलक्ष्मी, किती दिवसांनी!"

कॉफी सांडली माझी. तिनं कागदानं पुसली.

"मग रोज येऊन मला का सांगत होतीस?" माझा आवाज चढला, लोकांनी बघितलं. "डोक्यावर हात ठेवला, मुलगी म्हणाले — मला का सांगायचीस?"

"दुसऱ्या कोणाला सांगू?" ती म्हणाली. "तुमचंच होतं ना ते. नाव तेवढं सांगता येत नव्हतं."

१६ नोव्हेंबर, रविवार

काही लिहवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

श्रुती सेटअपमध्ये टाकली. चौदा वर्षं राहिलेलं काम, अकरा मिनिटं लागली. एक कोरं मशीन मागून घेतलं — ज्याला माझा हात कधी लागलेला नाही असं — आणि आश्लेषाला त्यावर बसवायला सांगितलं. नोंदणी झाली. पहिल्याच फटक्यात. आता मला कुठूनही बोलावणं येणार नाही.

मग ऋतुराजच्या खोलीत गेले. ती दारात आडवी आली. हळूच म्हणाली, "मॅम, मी कोणाला काही बोलले नाहीये. गरज नाही." तिला बाजूला केलं. ऋतुराजला सगळं सांगितलं — हुबळी, पेन ड्राइव्ह, सोमवारी खोटं बोलले ते, गुरुवारची पर्स. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "अक्का, हे तुम्ही केलंत?" ओरडला असता तर बरं झालं असतं.

लेखी द्या म्हणाला. देणार आहे. पुढचं तो वरच्यांना विचारून ठरवेल. सरी, ठीक आहे.

दुपारी भव्याचा फोन. वसुमतीच्या मुलाची तपासणी शुक्रवारी झाली. उजव्या कानाला ऐकूच येत नाही. डाव्याला येतं, मोठ्या आवाजाचं. यंत्र लावायचं ठरलंय, बोलायला शिकेल म्हणते. "लवकर कळलं ते बरं झालं, अक्का," असं भव्या म्हणाली. तिला ठाऊक नाही. आठ दिवस आधी कळलं असतं.

वसुमतीचा नंबर घेतला. अजून लावला नाही. काय म्हणू?

१९ नोव्हेंबर, बुधवार

आश्लेषा संध्याकाळी जयनगरला निघाली होती. म्हणाली, चला ना. मी म्हटलं, आज बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेची गर्दी आहे, रिक्षा मिळायची नाही. तिनं आग्रह केला नाही. जाताना विचारलं, "काही सांगू त्यांना?"

काय सांगणार? राजलक्ष्मीचा निरोप राजलक्ष्मीच घेऊन गेली तर काय सांगणार ती?

हेवा गेलेला नाही. ही गंमत आहे. ती गेल्यावर खिडकीत उभी राहून तिच्याकडे बघत होते — आता तिला कॉफी मिळेल, डोक्यावर हात मिळेल. माझा आहे म्हणून कळलं, तरी मिळतो तिलाच. तिचा राग नाही आता. पण सव्वीस वर्षांच्या त्या राजलक्ष्मीचा येतो. तिच्यावर जीव होता त्यांचा, आणि तिला पत्ता नव्हता. 'बरं केलंस' ऐकून ती मान खाली घालून परत कामाला लागायची. मूर्ख.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अनुसूयाक्कांना फोन केला. त्या नुसत्या रडल्या. मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "तू दसऱ्याला फोन केलास तेव्हा त्यांना तुझा आवाज ओळखू आला नाही. ठेवल्यावर दिवसभर मला विचारत होते, राजलक्ष्मीचा फोन का येत नाही?"

रविवारी येते म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दार अण्णांनीच उघडलं. फार बारीक झालेत. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिले, मग अगदी अदबीनं म्हणाले, "यारु बेकु? कोण हवंय आपल्याला?"

आपल्याला!

मागे अनुसूयाक्का हातात चमचा तसाच धरून उभ्या. मला सांगता आलं असतं. नाव, हुबळी, सगळं. त्यांनी मान डोलावली असती — बरं बरं.

मी म्हटलं, "मी आश्लेषा. राजलक्ष्मीबरोबर काम करते."

"राजलक्ष्मीबरोबर!" केवढा उजळला चेहरा. माझा हात धरून आत घेऊन गेले, खुर्ची पुसून दिली. "बस, बस. अगं, तिच्याबद्दल तुला काय काय सांगू—"

आणि संध्याकाळपर्यंत सांगत होते.